शस्त्रक्रियागृहातील औषधांची हाताळणी

शस्त्रक्रियागृहातील औषधांची हाताळणी : शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचे शुद्धिहरण (भूल) व बधिरीकरण करण्यासाठी, स्नायू शिथिल करण्यासाठी, रक्तदाब व हृदयाची गती सांभाळण्यासाठी आणि रक्तस्राव आवरण्यासाठी जी औषधे वापरतात, त्यांची साठवण, ओळख, मोजमाप, प्रत्यक्ष देणे व नोंद या क्रियांचा या विषयात समावेश होतो. रुग्णालयाच्या इतर विभागांत औषध लिहून देणारा वैद्य, ते काढून देणारा औषधनिर्माता आणि प्रत्यक्ष पाजणारी किंवा टोचणारी परिचारिका अशा निदान तीन व्यक्तींच्या नजरेखालून औषध जाते. शस्त्रक्रियागृहात ही तिन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते आणि तीही काही क्षणांत. शुद्धीवर असलेला रुग्ण नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाची गोळी पाहून निदान शंका तरी विचारू शकतो. भूल दिलेल्या रुग्णाला तेही शक्य नसते. शिवाय या औषधांपैकी पुष्कळशी अशी आहेत की, त्यांचा परिणाम मिनिटभरात होतो व झालेली चूक परत घेण्यास तेवढाच अवधी मिळतो.

या विषयाचा इतिहास सामान्यतः नवनव्या औषधांच्या शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ईथर, क्लोरोफॉर्म, थायोपेंटोन, हॅलोथेन, प्रोपोफॉल ही त्या कथेतील ठळक नावे. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. औषध बाटलीतून रुग्णाच्या शरीरात जाईपर्यंतच्या अल्पशा वाटेवर ते कोणी ओळखावयाचे, कोणी मोजावयाचे आणि बाटलीवरील चिठ्ठीवर कितपत विश्वास ठेवावयाचा, हे प्रश्न दीड शतकभर वैद्यकाला पुरले आहेत. या प्रश्नांची काही महत्त्वाची उत्तरे महाराष्ट्रात व त्याच्या लगतच्या प्रदेशात शोधली गेली. काहींची किंमतही येथेच मोजावी लागली.

पूर्वेतिहास : शस्त्रकर्मापूर्वी वेदना सहन न होणाऱ्या रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे, असा निर्देश सुश्रुतसंहितेत आहे. मात्र मात्रा मोजून, हेतुपूर्वक व पूर्ण शुद्धिहरण करण्याची आधुनिक पद्धत विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे केलेल्या ईथरच्या जाहीर प्रयोगापासून रूढ झाली. ही वार्ता हिंदुस्थानात पोहोचण्यास फार काळ लागला नाही. २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ईथर देण्यात आले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि १२ जानेवारी १८४८ रोजी तेही कलकत्त्यात वापरले गेले.

त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या विन्लेटन या गावी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. औषध रुमालावर ओतून नाकाशी धरले होते आणि दोन-तीन मिनिटांत सारे संपले. क्लोरोफॉर्मचा हा पहिला नोंदलेला बळी होय. लंडनचे वैद्य जॉन स्नो यांनी या व यासारख्या पन्नास मृत्यूंचा अभ्यास केला. त्यांचे विवेचन १८५८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. रुमालावर किती औषध पडले हे ठाऊक असले, तरी श्वासाबरोबर आत जाणाऱ्या हवेत त्याचे प्रमाण किती आहे हे ठाऊक नसते. हे प्रमाण शेकडा पाचाच्या पुढे गेले की हृदय धोक्यात येते, असे स्नो यांचे म्हणणे होते. औषधाला दोष देण्याआधी ते देण्याची रीत तपासावी, हा विचार येथे प्रथमच स्पष्टपणे मांडला गेला.

उष्ण प्रदेशातील अडचण : ईथरची वाफ किती निर्माण होईल हे हवेच्या तपमानावर अवलंबून असते, हे स्नो यांनी १८४७ च्या आरंभीच कोष्टकाने दाखविले होते. आपले उपकरण ते पाण्याच्या भांड्यात ठेवीत, ते तपमान स्थिर राहावे म्हणून. लंडनच्या थंडीत ईथर पुरेसे उडत नसे ही त्यांची तक्रार. वऱ्हाडात तीच गोष्ट उलट होते. ईथरचा उत्कलनबिंदू सु. ३४·६° से. आहे आणि अमरावती, अकोला, धामणगाव रेल्वे या भागांत एप्रिल-मेमध्ये दुपारचे तपमान ४०° से.च्या वर सहज जाते. म्हणजे उघड्या वाटीत ओतलेले ईथर तेथे अक्षरशः उकळते. बंद बाटलीत वाफेचा दाब वाढतो व बूच काढताना द्रव उसळून बाहेर येतो. मुखपटावर टाकलेले थेंब रुग्णाच्या श्वासात जाण्याऐवजी खोलीत पसरतात. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते आणि कंदील, शेगडी किंवा ठिणगी यांच्या संपर्कात आल्यास पेट घेते. रॉकेलच्या दिव्यावर रात्रीची शस्त्रक्रिया करावयाची म्हटल्यास हा धोका किरकोळ नव्हता.

क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू सु. ६१° से. आहे, ते पेटत नाही, थोडे लागते, खिशातल्या बाटलीत नेता येते. हिंदुस्थानातील शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकात त्याला एवढी पसंती का दिली, याचे उत्तर पुष्कळ अंशी या दोन आकड्यांत आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला. या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जाऊ लागला व विलायती माल इकडे येऊ लागला. एवढ्या प्रवासात आणि उन्हाळ्यात जे औषध टिकेल तेच जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचणार, हे उघड होते. तथापि क्लोरोफॉर्मही निर्धोक नव्हते. प्रकाश व हवा यांच्या संपर्काने त्याचे अपघटन होऊन फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. म्हणून ते गडद रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीत ठेवावे आणि त्यात शेकडा एक-दोन या प्रमाणात एथिल अल्कोहॉल मिसळावे, असा दंडक पडला. उघड्या ज्योतीजवळ ते दिल्यासही फॉस्जीन तयार होतो. बाटलीच्या काचेचा रंग हा औषधाच्या सुरक्षिततेचा भाग आहे, हे वैद्यकाने बहुधा क्लोरोफॉर्मपासूनच शिकून घेतले.

हैदराबादचे आयोग : क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वसन थांबून की हृदय थांबून, हा वाद १८८० नंतर युरोपात तीव्र झाला. त्याचा निर्णय करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न निजामाच्या राज्यात झाला, ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. त्या राज्यात मराठवाडा तर होताच. पण वऱ्हाडही कायद्याने निजामाचेच होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि १९०३ पर्यंत त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चाले. याच रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी हे हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख होते. एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे ते शिष्य. गुरूचा नियम असा की, क्लोरोफॉर्म देताना नाडी पाहत बसू नये, श्वासावर लक्ष ठेवावे. श्वास ठीक तर सर्व ठीक. हा नियम पाळल्यास क्लोरोफॉर्म संपूर्ण निर्धोक आहे, अशी लॉरी यांची धारणा होती व ती ते मोठ्या आग्रहाने मांडीत.

१८८८ मध्ये नेमलेल्या पहिल्या आयोगाने कुत्र्यांवर प्रयोग करून लॉरी यांच्या मतास दुजोरा दिला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यावर शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ करून, ‘लॅन्सेट’ने आपला तज्ज्ञ पाठवून स्वतःच खात्री करून घ्यावी, असे सुचविले. त्यानुसार प्रख्यात औषधिक्रियाविज्ञ टॉमस लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. ऑक्टोबर ते डिसेंबर १८८९ या काळात काम करणाऱ्या दुसऱ्या आयोगात लॉरी व ब्रंटन यांच्याबरोबर जेरल्ड बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम हेही होते. कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, रक्तदाबाचे आलेख काढले गेले आणि निष्कर्ष निघाला तो पुन्हा हाच : श्वसन आधी थांबते, हृदय नंतर.

हा निष्कर्ष टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले की, क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना, विशेषतः शरीरात ॲड्रेनॅलीन वाढले असता, हृदयाच्या निलयांचे तंतुकंपन सुरू होऊन एकाएकी मृत्यू येऊ शकतो. भ्यालेली, रडणारी हॅना ग्रीनर नेमकी अशाच अवस्थेत होती. हैदराबादेत प्राण्यांना मात्रा वाढवीत वाढवीत मारले गेले. तसे केल्यास श्वसन आधी थांबणारच. प्रश्न अतिमात्रेचा नव्हता, तो अल्पमात्रेतील अपघाताचा होता आणि तो कोणी विचारलाच नाही. एवढा खर्च, एवढे प्राणी आणि एवढ्या नामवंतांचे श्रम चुकीच्या प्रश्नावर खर्ची पडले, असे आज म्हणावे लागते. तरीही आयोगाची व्यावहारिक शिकवण वाया गेली नाही. औषध देणाऱ्याचे त्या वेळी दुसरे कोणतेही काम असू नये, शस्त्रक्रियेकडे त्याने पाहूही नये, त्याची नजर रुग्णाच्या श्वासावर खिळलेली असावी, हा लॉरी यांचा आग्रह होता. शुद्धिहरण ही शल्यचिकित्सकाच्या मदतनिसाने जाताजाता उरकावयाची गोष्ट नसून स्वतंत्र जबाबदारी आहे, ही जाणीव त्यातून रुजली. हैदराबादच्याच विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांनी हे काम आयुष्यभर केले. त्या जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. भारतीय भूलतज्ज्ञांची संघटना मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने, १९४७ मध्ये, स्थापन झाली.

बाटली कोणी उघडली? : विसाव्या शतकात वाफेऐवजी सुईने द्यावयाची औषधे वाढत गेली व त्यांबरोबर नवा प्रश्न आला. सुई टोचण्यापूर्वी औषधात काही मिसळले तर नाही ना, आणि मिसळले असल्यास कोठे? या प्रश्नाची कटू चर्चा प्रथम झाली ती शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर प्लेगच्या लशीसंबंधी. व्हाल्डेमार हाफकिन यांच्या मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हाफकिन यांनी लशीतील कार्बॉलिक अम्ल वगळून उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते. त्यामुळे दोष प्रयोगशाळेचाच, असे चौकशीत ठरले व त्यांना पद सोडावे लागले. पण बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला, असाही पुरावा होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

मुल्कोवालच्या बाटलीचा प्रश्न शस्त्रक्रियागृहात पुढे वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिला. इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे १३ ऑक्टोबर १९४७ रोजी एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियागृहात, पाठीच्या कण्यातून बधिरीकारक टोचलेले दोन रुग्ण कमरेखाली कायमचे पांगळे झाले. औषधाच्या काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलच्या विद्रावात बुडवून ठेवलेल्या असत. काचेतील डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून फिनॉल आत झिरपले, असे न्यायालयात मानले गेले. असे घडू शकते हे १९४७ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते, या कारणास्तव १९५४ मध्ये वैद्यांना दोषमुक्त करण्यात आले. निर्जंतुकीकरणाच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेले अम्ल हे खरे कारण असावे, असे मत नंतर पुढे आले. कारण काहीही असो, ब्रिटनमध्ये कण्यातील बधिरीकरणाला लोक अनेक वर्षे बिचकत राहिले. कुप्या निर्जंतुककारक द्रवात बुडवून ठेवण्याची चालही मागे पडली. पुढे प्रोपोफॉल हे दुधासारखे दिसणारे औषध १९८६ मध्ये प्रचारात आले. त्यातील तेलकट पायस जंतूंच्या वाढीस पोषक असते. अमेरिकेत १९९० नंतरच्या काही वर्षांत एकच कुपी अनेक रुग्णांना वापरल्याने व पिचकाऱ्या आधीच भरून ठेवल्याने शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचे उद्रेक झाले. एक कुपी एका रुग्णास, आणि उघडल्यावर काही तासांत उरलेले टाकून देणे, हा नियम त्यातून कडक झाला. औषध महाग आणि रुग्ण गरीब असला की हा नियम पाळणे मनाला जड जाते.

जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरॉल : आतापर्यंतच्या सर्व प्रकरणांत बाटलीत आरंभी तरी योग्य औषध होते. मुंबईत १९८६ मध्ये घडलेल्या घटनेने हा आधारही काढून घेतला. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल पाजण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. मेंदूच्या व डोळ्याच्या विकारांच्या विभागांत ते शस्त्रक्रियेच्या आगेमागे नित्य दिले जाई. सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत असे ग्लिसरॉल घेतलेल्या १४ रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊन ते दगावले. बाटल्यांत औषधी प्रतीचे ग्लिसरॉल नव्हते. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक द्रवाची भेसळ होती. हा द्रवही रंगहीन, दाट व गोडसर असतो, त्यामुळे पाहून किंवा चाखून फरक कळत नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलअमाइडच्या विद्रावात हाच द्रव वापरल्याने शंभरांहून अधिक लोक मेले होते व त्यावरून तेथे १९३८ चा औषध कायदा झाला. म्हणजे हे विष वैद्यकाला अनोळखी नव्हते.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या एकसदस्य आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. आयोगाचा अहवाल १९८७ मध्ये सादर झाला. महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात याच्या तोडीची कागदपत्रे थोडी सापडतील. आयोगाने एका बाटलीचा माग काढीत काढीत पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, परवाने देणारे अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्रालय यांपर्यंत मजल मारली व सर्वांवर ताशेरे ओढले. देशात औषधांवर नियंत्रण नव्हते असे नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ मध्ये केलेल्या शिफारशींवरून १९४० चा औषध कायदा झाला होता, १९४८ मध्ये औषधनिर्माण व्यवसायाचा कायदा आला होता आणि महाराष्ट्रात १९७० पासून स्वतंत्र प्रशासन होते. तरीही खाटेवरच्या रुग्णाला चमच्याने औषध पाजणारी परिचारिका आणि ती बाटली भरणारा यांच्यामध्ये कोणीही ती तपासली नाही. भूलतज्ज्ञ व परिचारिका कितीही दक्ष असले तरी चिठ्ठीच खोटी असेल तर ते हतबल ठरतात. हाताळणीच्या नियमांना कोठे मर्यादा पडते, हे या प्रकरणातून दिसले. ही साखळी आजही निर्दोष झालेली नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात याच द्रवाची भेसळ असलेल्या खोकल्याच्या औषधाने अनेक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते.

नाव, रंग व संहती : चिठ्ठी खरी असली तरी ती वाचली गेली पाहिजे. न्यूझीलंडमध्ये २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी १३३ शुद्धिहरणांमागे औषध देण्यातील एक चूक आढळली. बहुतेकींचा परिणाम किरकोळ होता. अशा चुकांचे प्रकार मोजकेच आहेत : दुसरीच पिचकारी उचलणे, दुसरीच कुपी फोडणे, मात्रेचा दशांश चुकणे, तेच औषध दोनदा देणे, योग्य औषध अयोग्य मार्गाने देणे. यांतील पहिल्या प्रकारावर उपाय म्हणून पिचकारीवर लावावयाच्या चिठ्ठ्यांचे रंग आंतरराष्ट्रीय मानकाने २००८ मध्ये ठरविले. झोप आणणाऱ्या औषधांना पिवळा, स्नायुशिथिलकांना तांबडा, अफूवर्गीयांना निळा, रक्तदाब वाढविणाऱ्यांना जांभळा, स्थानिक बधिरीकारकांना करडा, असा हा संकेत आहे. वायूंच्या बाबतीत हाच विचार आधी झाला होता. ऑक्सिजनचे सिलिंडर नायट्रस ऑक्साइडच्या जागी बसूच नये म्हणून त्यांच्या झडपांवरील खाचा व यंत्रावरील खुंट्या वेगवेगळ्या अंतरांवर ठेवतात. खुंटीची युक्ती रंगापेक्षा श्रेष्ठ आहे, कारण थकलेल्या माणसाला रंग दिसूनही न दिसल्यासारखा होतो. चुकीची खुंटी मात्र बसतच नाही.

संहतीचा घोटाळा अधिक फसवा असतो. केटामीन हे औषध १ मिलि. मध्ये १० मिग्रॅ. व ५० मिग्रॅ. अशा दोन्ही प्रमाणांत मिळते. हेपॅरीनची ५ मिलि.ची कुपी ५,००० एककांची असते तशी २५,००० एककांचीही असते. नाव बरोबर वाचूनही मात्रा पाचपट होऊ शकते. ॲड्रेनॅलिनवर ‘१:१०००’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ १ मिलि. मध्ये १ मिग्रॅ., हे हिशेब करून काढावे लागते आणि ज्या क्षणी ते लागते तो क्षण हिशेबाचा नसतो. घट्ट पोटॅशियम क्लोराइडची गोष्ट निराळी. ते पाणी समजून शिरेत दिले गेल्यास हृदय तत्काळ थांबते. त्यावर सापडलेला सर्वांत परिणामकारक उपाय अगदी साधा आहे : ती कुपी इतर औषधांच्या शेजारी ठेवावयाचीच नाही.

तालुक्याच्या गावी : वरील बहुतेक नियम मोठ्या रुग्णालयांना समोर ठेवून झाले आहेत. धामणगाव रेल्वेसारख्या तालुक्याच्या ठिकाणची स्थिती वेगळी असते. एकीकडे अमरावती, दुसरीकडे वर्धा नदीपलीकडे पुलगाव, वर्धा आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय (स्थापना १९६९), अशा मोठ्या केंद्रांच्या मध्ये ही गावे येतात. अशा ठिकाणच्या छोट्या खाजगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ कायम नसतो. तो शहरातून बोलावला जातो व एका दिवसात दोन-तीन गावे करून परततो. त्याची औषधे त्याच्या पिशवीत असतात. अशा वेळी पिशवी हेच औषधांचे भांडार ठरते, आणि त्या भांडारावर औषधनिर्मात्याची देखरेख नसते. सक्सामिथोनियम व ॲट्राक्युरियम ही स्नायुशिथिलके २° ते ८° से. तपमानात ठेवावी लागतात. उन्हात उभ्या मोटारीत ती हळूहळू निकामी होतात आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. मग नेहमीच्या मात्रेने स्नायू सैल न झाल्याने वैद्य मात्रा वाढवितो. बर्फाचा डबा बरोबर ठेवणे व काढलेल्या कुपीवर तारीख घालणे एवढ्याने हे टळते. मॉर्फीन, फेंटॅनिल यांसारखी औषधे १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली येत असल्याने त्यांची नोंदवही ठेवावी लागते. ही अट वाजवी असली तरी छोट्या रुग्णालयांनी परवान्याच्या त्रासामुळे ही औषधे ठेवणेच सोडून दिले आणि वेदनाशमन तेवढे दुबळे झाले, हाही याच इतिहासाचा भाग आहे.

या पिशवीतला सर्वांत गंभीर धोका अलीकडचा आहे. प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत कमरेखाली बधिर करण्यासाठी कण्यात ब्युपिव्हाकेन टोचतात. तिची कुपी ४ मिलि.ची, काच पारदर्शक, द्रव रंगहीन. रक्तस्राव थांबविणारे ट्रॅनेक्झॅमिक अम्ल बाळंतिणींचे प्राण वाचवते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून ते बाळंतपणातील रक्तस्रावासाठी लवकरात लवकर द्यावे अशी शिफारस केली. ते शिरेत द्यावयाचे असते. त्याची कुपी ५ मिलि.ची, काच पारदर्शक, द्रव रंगहीन. दोन्ही कुप्या एकाच तबकात आल्या आणि चुकून दुसरी कण्यात टोचली गेली, तर पाठीत असह्य वेदना, अंगाला झटके, हृदयाची अनियमितता व अनेकदा मृत्यू ओढवतो. भारतासह अनेक देशांतून अशा घटना प्रसिद्ध झाल्यावर त्या संघटनेने २०२२ मध्ये इशारा दिला. कुप्यांचा आकार व छपाई यांवर आपल्याकडे बहुतांशी निर्मात्याचीच मर्जी चालत असल्याने हा इशारा येथे विशेष लागू पडतो. उपाय असे : ट्रॅनेक्झॅमिक अम्ल भूलतज्ज्ञाच्या तबकात व पिशवीच्या त्या कप्प्यात ठेवू नये, कण्यात द्यावयाचे औषध कुपीवरील नाव दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखविल्यावरच पिचकारीत घ्यावे, आणि कुपी फोडल्यावर तिची नाव असलेली काच शस्त्रक्रिया संपेपर्यंत टाकून देऊ नये.